नव्या टाकीत मासे आणि कोळंबी सोडण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याजवळ वाघोलीत, सोसायटीतल्या घरात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी नवी काचेची टाकी आणली आहे, तिच्यात काही गप्पी मासे आणि वीसेक लाल चेरी कोळंबी ठेवायची आहे, दुकानदाराने ‘दोन दिवस फिल्टर चालवा आणि मग मासे सोडा’ असे सांगितले आहे, तर तेवढे पुरेसे आहे का? पुरेसे नाही. माशांसाठी साधारण ४ ते ६ आठवडे आणि कोळंबीसाठी त्यानंतर आणखी किमान ३ ते ४ आठवडे धरावेत. दुकानदार आपल्याला फसवतो आहे असे मी म्हणणार नाही. दोन दिवसांत पाणी नितळ होते, त्यातला क्लोरीन बहुतांशी उडून जातो आणि मासे सोडल्यावर पहिले चार-पाच दिवस ते व्यवस्थित खातात, पोहतात. बहुतेक वेळा ते मरतात दुसऱ्या आठवड्यात, आणि तोवर त्या दोन दिवसांशी या मरणाचा संबंध कोणी जोडत नाही. ‘आम्हाला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. अशा कित्येक टाक्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो, आणि उरलेले अन्न, विष्ठा व कुजणारी पाने यांतूनही तोच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट आणि मासे विरळ असल्यामुळे तो विरून जातो. आपल्या टाकीत तो साचतो. त्याचा किती भाग विषारी रूपात राहील हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पाणी २५ अंश सेल्सिअसला असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ असेल तर सुमारे ५ टक्के. म्हणजे चाचणीत आकडा तोच दिसला तरी बोअरच्या, म्हणजे बहुधा पीएच ८ च्या आसपासच्या पाण्याच्या टाकीत धोका जवळजवळ दहापट असतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने जे पाणी येते ते बहुधा बोअरचेच असते, हे लक्षात ठेवावे.

या अमोनियाचे काही जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच असते. ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत राहतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून किंवा वनस्पतींकरवी कमी करता येते. नायट्राइट पचवण्याचे काम नायट्रोबॅक्टर हे जिवाणू करतात, असे जुन्या पुस्तकांतून छापलेले असे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा या गटातील जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे सारे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्याऐवजी स्पंज, वाळू, दगड, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. दुधातले विरजणाचे जिवाणू एका रात्रीत दही लावतात; या जिवाणूंना एकाचे दोन व्हायलाच साधारण एक दिवस, कधी त्याहून अधिक लागतो. म्हणूनच एखाद्या मित्राच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर तो विरजणासारखाच वापरावा. तो ओला ठेवून, टाकीच्याच पाण्यात बुडवून घरी आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. त्याने चार आठवड्यांचे काम दोन आठवड्यांतही होऊ शकते. मात्र त्या टाकीत तांबेयुक्त औषध कधीही वापरलेले नाही, याची खात्री करून घ्यावी; तांबे कोळंबीला मारते, त्याबद्दल पुढे येईलच.

टाकी मांडण्याबद्दल फार लिहीत नाही, पण काही गोष्टी नंतर दुरुस्त करता येत नाहीत. आपल्या टाकीचे आकारमान ५६ लिटरच्या आसपास भरते; वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वगळता प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर पाणी बसेल, आणि काच-वाळूसह वजन ७५ किलोच्या घरात जाईल. हे वजन पुस्तकांच्या फळीला पेलणारे नाही. टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घालावा, स्टँड पाणसळीने तपासावा, आणि वाळू घालण्याआधी २४ तास टाकी काठोकाठ भरून सांध्यांवर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे. टाकी धुताना साबण किंवा भांड्यांची पावडर वापरू नये, आणि टाकीसाठी बादली व मग वेगळे ठेवावेत. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवावी. वीज गेली की नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. विजेची प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न शिरता खाली गळून पडेल.

फिल्टर कोणता, तर या टाकीला साधा स्पंज फिल्टर. तो स्वस्त आहे, जिवाणूंना भरपूर जागा देतो आणि कोळंबीची पिल्ले ओढून घेत नाही. उलट ती त्यावर दिवसभर चरत बसतात. वाळू मध्यम जाडीची, नदीची, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली असावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मीठ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे टाळावी. दगड कोठून आणले तरी त्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करत राहील. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण या कसोटीला सहसा उतरतो, म्हणून मी तोच वापरतो. लाकडाचा ओंडका घातल्यास पाण्याला चहासारखा रंग येतो आणि त्यावर आठवडाभरात पांढरी, बुळबुळीत साय धरते. दोन्ही निरुपद्रवी आहेत, आणि ती साय तर पुढे कोळंबीचे खाद्य होते. रस्त्याकडेच्या देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, तपकिरी, कोरडी पाने धुऊन दोन-तीन घालावीत. मात्र पालिकेची धूरफवारणी होते अशा नाल्याकाठची पाने घेऊ नयेत.

आता पाणी, कारण वाघोलीत खरी अडचण तीच आहे. धरणातून नळाला येणारे पाणी घाटमाथ्याच्या पावसाचे, त्यामुळे हलके असते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते. सोसायटीच्या टाकीत दोन्ही मिसळतात आणि कोणत्या दिवशी किती मिसळले ते आपल्याला कळत नाही. मासे हा चढउतार बऱ्याच अंशी सोसतात. कोळंबी सोसत नाही. पाण्यातील क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या आणि आठवडाभर रोज सकाळी नळाचे पाणी मोजून आकडे लिहून ठेवा. चेरी कोळंबीला टीडीएस साधारण १५० ते ३००, सर्वसाधारण कठिणता (जीएच) ६ ते १२ अंश आणि पीएच ६.५ ते ७.८ चालतो. आपले आकडे या चौकटीच्या वर जात असतील तर निम्मे आरओचे पाणी मिसळावे. नुसते आरओचे पाणी मात्र वापरू नये. त्यात कवचासाठी लागणारा कॅल्शियम जवळजवळ नसतो आणि कात टाकताना कोळंबी अडकून मरते. उलट आकडे फार खाली असतील तर बोटाएवढा समुद्रफेनाचा तुकडा फिल्टरजवळ ठेवावा. तो हळूहळू विरघळून कॅल्शियम देतो. क्लोरीन घालवण्यासाठी पाणी हवेच्या दगडासह (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) २४ तास ठेवावे, किंवा ५० लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घालावे. नेहमीच्या नळाच्या पाण्याला एवढे पुरते, पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास तीव्र येत असेल तर दुप्पट.

टाकी अशी मांडून, पाणी भरून, फिल्टर सुरू केला की जिवाणूंना अमोनिया द्यायचा असतो. मासे सोडून त्यांच्याकरवी तो मिळवण्याची जुनी पद्धत मी कोणालाही सुचवत नाही. तो त्यांचा छळ आहे. अमोनियम क्लोराइड वापरावे. हाच आपला नवसागर, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकून पांढरा धूर काढत असे. पण बाजारातल्या नवसागराच्या खड्यात कोणते धातू मिसळलेले असतील याचा भरवसा नसतो, म्हणून प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचे घ्यावे. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. या द्रावणाचे ३० मिलिलिटर आपल्या टाकीत घातले की अमोनियाची पातळी लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होते. यापेक्षा जास्त घालण्याने काम लवकर होत नाही, उलट रेंगाळते.

त्यानंतर दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. कागदी पट्ट्यांऐवजी थेंबांचे किट घ्यावे; त्यात टाकीचे पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन थेंब घातले की रंगावरून प्रमाण कळते. पहिले आठ-दहा दिवस काहीच घडत नाही आणि धीर इथेच सुटतो. पाणी दुधाळ होईल. ते दुसऱ्याच जिवाणूंचे काम असून आपोआप निवळते, त्यासाठी पाणी उपसू नये. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइटची नळी जांभळी होऊ लागते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ३० मिलिलिटरची मात्रा द्यावी. नायट्राइटचा टप्पा सर्वांत लांबतो. दोन-तीन आठवडे नळी गडद जांभळीच दिसते आणि मग अचानक, दोन दिवसांत, ती आकाशी रंगावर येते. टाकी माशांसाठी तयार झाली असे मी केव्हा म्हणतो, तर रात्री ९ वाजता पूर्ण मात्रा घालून दुसऱ्या दिवशी रात्री ९ वाजता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि असे सलग तीन वेळा झाले की. दिनदर्शिकेवर किती दिवस झाले याला महत्त्व नाही.

मधेच काम थांबले असे वाटले तर पीएच मोजावा. या जिवाणूंना काम करताना पाण्यातील कार्बोनेट लागते; वरची एक मात्रा पचवताना कार्बोनेट कठिणता (केएच) सुमारे दोन-तृतीयांश अंशाने घटते. धरणाच्या हलक्या पाण्यात ती मुळातच कमी, त्यामुळे चार-पाच मात्रांनंतर पीएच घसरून ६.५ च्या खाली जातो आणि जिवाणू सुस्तावतात. पुण्यातील आणि मुंबईतील नव्या टाक्यांत मला हा अडथळा सर्वाधिक दिसतो, आणि लोक त्यावर महागड्या जिवाणूंच्या बाटल्या ओतत राहतात. ५० लिटरला दीड ग्रॅम खायचा सोडा घातल्यास केएच एक अंशाने वाढते. एवढ्याने गाडी पुन्हा रुळावर येते. सोडा या रिकाम्या टाकीच्या काळातच वापरावा, कोळंबी सोडल्यावर नव्हे.

अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट हे चक्र असे पूर्ण झाले की ८० टक्के पाणी बदलून नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणावे, आणि चार-पाच नर गप्पी सोडावेत. नरच घ्यावेत, कारण गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि दोन फुटी टाकी पाहता पाहता भरते. मासे आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या टबात, रोज थोडे पाणी बदलत ठेवलेले उत्तम. काही रोग निघालाच तर औषध त्या टबात घालता येते. मुख्य टाकीत नको, आणि याचे कारण कोळंबीशी जोडलेले आहे.

मासे आणि कोळंबी यांची टाकी एक असली तरी त्यांचे शत्रू वेगळे आहेत. पांढऱ्या ठिपक्यांवर आणि बुरशीवर मिळणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. माशाला ते सोसते. कोळंबीला त्याचा अंशही मारतो, आणि वाळूत व सांध्यांच्या सिलिकॉनमध्ये मुरलेले तांबे पुढे अनेक महिने पाझरत राहते. तांब्याच्या घागरीतले किंवा गीझरमधून आलेले पाणीही याच कारणाने वापरू नये. दुसरा, माझ्या मते अधिक मोठा शत्रू म्हणजे कीटकनाशक. कोळंबी आणि झुरळ दोन्ही संधिपाद. झुरळासाठी जे विष बनवले आहे ते कोळंबीलाही तितक्याच सहजपणे मारते. डास पळवणारी विजेची यंत्रे, कॉइल, झुरळांचा खडू, कुत्र्याच्या मानेवर लावायचे गोचिडांचे औषध, या सर्वांत अशी द्रव्ये असतात, आणि ज्या हाताने कुत्र्याला कुरवाळले तोच हात टाकीत घातला तरी पुरे होते.

हे मी भोगलेले आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरी झुरळांची फवारणी झाली. आमची खिडकी उघडी होती आणि एअर पंप त्याच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला होता. तीन तासांनी मी टाकीपाशी गेलो तेव्हा शेवाळावर शांतपणे चरणाऱ्या कोळंब्या वेड्यावाकड्या गिरक्या घेत काचेवर आदळत होत्या. मग एकेक तळाशी उताणी पडली, पाय मात्र थरथरत राहिले. मी पाणी बदलले, कोळसा घातला. सकाळपर्यंत दीडशेच्या आसपास कोळंबी गेली, त्यांत पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस घेतलेल्या माद्याही होत्या. त्याच टाकीतले मासे जगले. तेव्हापासून पंप खिडकीजवळ ठेवत नाही, आणि सोसायटीच्या फलकावर फवारणीची सूचना लागली की त्या दिवशी खिडक्या बंद करून टाकीवर ओले कापड टाकतो व पंप आतल्या बंद खोलीत ठेवून लांब नळीने हवा देतो. आपणही आपल्या सोसायटीत फवारणी कोणत्या दिवशी असते ते आधीच विचारून ठेवावे.

वनस्पतींच्या बाबतीतही हीच काळजी. दुकानात आलेल्या पाणवनस्पतींवर कधी कधी कीटकनाशक मारलेले असते. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट यांपैकी जे घ्याल ते आधी बादलीत आठवडाभर, रोज पाणी बदलत ठेवावे आणि टाकी तयार होत असतानाच आत लावावे, म्हणजे कोळंबी येईपर्यंत त्यांच्यातले जे निघायचे ते निघून जाते. जावा मॉसचा एक दाट, मुठीपेक्षा मोठा गुच्छ हवाच. गप्पी मोठ्या कोळंबीला त्रास देत नाहीत, पण नुकतीच जन्मलेली दोन मिलिमीटरची पिल्ले दिसली की टिपतात. पिल्ले जगावीत हीच इच्छा असेल तर गप्पी नकोतच, असे मी स्पष्ट सांगेन.

चक्र पूर्ण झाल्यावरही कोळंबीसाठी महिनाभर थांबायचे ते खाद्यासाठी. काच, लाकूड, पाने यांवर जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचा पातळ थर बसतो. कोळंबी दिवसभर त्यावर जगते. काचेवर बोट फिरवल्यास ते किंचित बुळबुळीत लागते आणि मागच्या काचेवर हिरवट-तपकिरी झाक दिसते, तेव्हा ताट वाढलेले आहे असे समजावे. मागची काच म्हणूनच घासू नये.

कोळंबी शक्यतो गावातल्याच कोणा शौकिनाकडून घ्यावी. आपल्यासारख्याच पाण्यात जन्मलेली कोळंबी दूरवरून आलेल्या कोळंबीपेक्षा चांगली टिकते. एकदम वीस न आणता आधी पाच आणाव्यात आणि दोन आठवडे पाहावे. पिशवीतले पाणी व कोळंबी भांड्यात ओतून, बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचे पाणी सेकंदाला दोन थेंब या वेगाने दीड-दोन तास पाडावे, भांड्यातल्या पाण्याचा टीडीएस टाकीच्या टीडीएसशी जुळला की जाळीने उचलून सोडावे. पिशवीतले पाणी टाकीत घालू नये. दोन-तीन दिवसांत काचेसारखी रिकामी कवचे दिसतील. ती मेलेली कोळंबी नव्हे, टाकलेली कात आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर गेले तर कोळंबी थकते. पाण्यावर तिरकी हवा सोडणारा लहान पंखा लावल्यास बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतार मिळतो, पण त्यामुळे पाणी झपाट्याने घटते. ही घट आरओच्या पाण्याने भरावी. उडून जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, आणि त्यांत दर वेळी टँकरचे पाणी ओतत गेल्यास महिन्यात टीडीएस दुपटीवर जातो. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावे, ते आदल्या दिवशी मीटरने मोजून, आणि टाकीशी ५० पेक्षा अधिक फरक असेल तर आरओचे पाणी मिसळून तो जवळ आणल्यावरच, पातळ नळीने अर्ध्या तासात हळूहळू सोडावे.